कचरणारी शिट्टी

घरच्या मैदानावर संघ जास्त का जिंकतो, असं विचारलं की उत्तरं ठरलेली: खेळपट्टी ओळखीची, प्रवासाचा शीण नाही, वर आपल्या माणसांचा आरडाओरडा. यातला आरडाओरडा खेळाडूंच्या अंगात बळ आणतो म्हणतात. मला वाटतं, तो पंचांवर जास्त चालतो.

इंग्लंडमधल्या अ‍ॅलन नेव्हिल आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. 40 फुटबॉल पंचांना लिव्हरपूलच्या मैदानावरल्या सामन्यातल्या 47 झटापटी पडद्यावर दाखवल्या. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासकट, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमानांविरुद्ध सुमारे 15 टक्के कमी फाऊल दिले. गंमत म्हणजे पाहुण्यांवर त्यांनी राग काढला नाही. यजमानांना दोषी ठरवताना ते कचरले, इतकंच. कुणी पैसे चारले नव्हते, अंगावर धावून येणारं कुणी नव्हतं. नुसता पडद्यावरचा गलका!

लबाडाला आपण काय करतोय ते निदान ठाऊक असतं. कचरणाऱ्याला तेही नसतं. सोसायटीच्या सभेत ज्याच्या बाजूनं चार जण आवाज चढवतात, त्याच्या थकबाकीचा विषय अध्यक्ष ‘पुढच्या सभेत बघू’ म्हणून सरकवतात आणि घरी जाऊन निर्धास्त झोपतात. अशा माणसाला सचोटीवर व्याख्यान देऊन काय उपयोग? तो सचोटीचाच असतो. त्याच्या जागी बाहेरचा माणूस बसवून पाहावा; क्रिकेटमध्ये तसं झालं.

नोव्हेंबर 1986. पाकिस्ताननं फैसलाबादला वेस्ट इंडीजचा दुसरा डाव 53 धावांत गुंडाळून कसोटी जिंकली होती, रिवाजाप्रमाणे घरच्याच पंचांसमोर. पाकिस्तानात हरलेला पाहुणा पंचांच्या नावानं बोटं मोडतच परतायचा (आपल्याकडून परतणारेही काही गुण गात नसत). पुढच्या लाहोर कसोटीला मात्र कर्णधार इम्रान खानच्या आग्रहावरून दोन भारतीय पंच उभे राहिले: व्ही. के. रामस्वामी आणि मुंबईचे पिलू रिपोर्टर. लाहोरला, हजारो पाकिस्तानी प्रेक्षकांपुढे, भारतीय पंच! पाकिस्तान दुसऱ्या डावात 77 धावांत आटोपला आणि डावानं हरला.

कसोटीत एक तटस्थ पंच सक्तीचा करायला आयसीसीला 1994 उजाडलं, दोन्ही तटस्थ व्हायला 2002. इम्रान तेवढा थांबला नाही. 1989 मध्ये कराचीला सचिन तेंडुलकर पहिली कसोटी खेळला, तेव्हा पंच होते इंग्लंडचे जॉन हॅम्पशायर आणि जॉन होल्डर. यजमान कर्णधार पुन्हा तोच.