स्तुती आणि वर्षासन

होसकोट्याचा मुलूख सतराव्या शतकात शहाजीराजांच्या जहागिरीत होता आणि जवळच बंगळुरास त्यांचा दरबार भरत असे. जयराम पिंड्ये या कवीने तेथे राजांपुढे बारा नारळ ठेवून आपण बारा भाषांत काव्य करतो असे सुचविले, अशी कथा आहे. त्याच्या ‘राधामाधवविलासचंपू’त आरंभी राधामाधवांचा विलास आहे; पुढे शहाजीराजांचा गौरव. आश्रयदात्याचे असे गुणगान स्तुती मानावे की खुशामत? अन्न खाणाऱ्याच्या शब्दावर विश्वास किती ठेवावा?

हाच प्रश्न दूरच्या स्कॉटलंडातही पडतो. तेथील राजा चौथा जेम्स याचा विवाह १५०३ च्या ऑगस्टात इंग्लंडची राजकन्या मार्गारेट ट्यूडर हिच्याशी झाला. वर तिशीचा, वधू अवघी तेरा वर्षांची. पाठीशी आदल्या वर्षी झालेला दोन्ही राज्यांचा तह. त्या विवाहानिमित्त विल्यम डनबार याने एक रूपककाव्य रचले. हा कवी राजाकडून वर्षासन घेत असे. काव्यात निसर्गदेवी पशू, पक्षी आणि फुले यांची सभा भरविते; सिंह, गरुड आणि काटेरी थिसल यांना मुकुट घालते. ही तिन्ही राजाचीच रूपे, आणि गुलाब म्हणजे वधू. पण मुकुटाबरोबर देवी आज्ञाही देते: सिंहाने लहानथोरांस सारखा न्याय द्यावा, थिसलने गुलाबाइतके दुसऱ्या कोणत्याही फुलास मानू नये. राजाला विवाहाबाहेरची मुले होती. त्यामुळे या शेवटच्या आज्ञेचा रोख कोणावर आहे, हे दरबारास उमगले असणारच.

राजा त्याने सुधारला, असे मात्र म्हणवत नाही. तह मोडून त्याने १५१३ साली इंग्लंडवर स्वारी केली व फ्लॉडनच्या रणांगणावर तो पडला. मग कवीचे शब्द वाया गेले काय? आम्हांस तसे वाटत नाही. खुशामत माणसास तो आहे तेथेच पूर्ण ठरविते. खरी स्तुती त्याच्यापुढे एक माप ठेवते. त्या मापास राजा उतरला नाही, हे आज आपण म्हणू शकतो, ते कवीने माप लिहून ठेवले म्हणूनच.

बदलीच्या नोकरीत आम्ही निरोपसमारंभांची मानपत्रे लिहितो आणि ऐकतोही. वेतन घेणाऱ्याची वाणी बांधलेली असते, हे खरे. पण ती अगदीच मुकी नसते. सौजन्याच्या आडून का होईना, मानपत्रात कर्तव्याचे एक वाक्य असावे. तेही लिहिण्याचे धैर्य नसेल, तर आम्ही गौरव केला असे म्हणू नये. टाळ्या वाजविल्या एवढेच म्हणावे.