आत काय आहे

सायकलचा ट्यूबलेस टायर बाहेरून काहीच सांगत नाही. आत भोक बुजवणारं साठ मिली पातळ सीलंट खळखळत असो, नाहीतर रबराच्या चार वाळक्या गुठळ्या पडलेल्या असोत, अंगठ्याने दाबल्यावर दोन्ही सारखेच टणक लागतात. हवा धरून ठेवायला रिमवरची टेप आणि घट्ट बसलेली टायरची कड बरेचदा पुरतात. सीलंटची खरी परीक्षा काटा शिरल्यावरच होते. तेव्हा टायर टणक आहे म्हणून मी निश्चिंत असेन, तर त्या निश्चिंतपणाला आधार काय, हे मला स्वतःला विचारावंच लागतं.

दख्खनच्या कोरड्या रस्त्यांकडेला सराटे पडलेले असतात. टायरमध्ये रुतलेला सराटा उपटला की फुस्स आवाज होतो आणि भोकातून पांढरा फेस येतो. चाक फिरवून भोक खाली आणावं, काही क्षण थांबावं, आवाज बंद. निसटणाऱ्या हवेबरोबर सीलंटमधला रबराचा चीक भोकाकडे ओढला जातो, तिथेच गोठतो आणि त्यातले बारीक कण त्याला बूच मारतात. हे पाहताना मला दरवेळी आनंद होतो. पण त्या आनंदात आळसाचं बीजही आहे. टायर स्वतःला बरं करतो असं मन धरून चालतं आणि बरं करणारं औषध संपतही असतं, हे विसरतं. रबराच्या चिकातलं पाणी हळूहळू उडून जातं. पुण्यातल्या एप्रिल-मे महिन्यांत गॅलरीत उभ्या असलेल्या सायकलीत तर ते आणखी लवकर उडतं. चालवली नाही म्हणून सीलंट टिकलं, असं होत नाही.

तपासायचं काम अवघड नाही. सायकल स्टँडवर टांगावी, म्हणजे चाकावर भार येत नाही आणि कड सुटत नाही. व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवून हवा सोडावी, छोट्या पान्याने व्हॉल्व्हचा कोअर काढावा. मग चाक फिरवून व्हॉल्व्ह तळाला आणावा, सीलंट खाली जमू द्यावं आणि पातळ केबल टाय आत घालावा. टाय बाहेर आल्यावर टोकाला दुधासारखा ओलावा आणि बारीक कण दिसले, तर जीव आहे. चिकट तार निघाली तर थोडाच उरलाय. टोक कोरडं असेल तर काही महिने आपण नुसत्या विश्वासावर फिरत होतो.

याहून सोपा मार्ग माझ्या ओळखीचा आहे: न बघताच ओतणं. बाटली खळखळून हलवायची, इंजेक्टरने मात्रा आत सोडायची, कोअर बसवायचा, हवा भरायची. टॉप-अप झालं. यात बघणं कुठेच नाही. जुन्या गुठळ्यांवर नवा चीक पडतो, टायर उगाच जड होतो, टेप कुठे उचकटली असेल तर तीही दिसत नाही. तरी बाटली रिकामी झाली की कर्तव्य केल्यासारखं वाटतं. त्या समाधानावर माझा भरवसा नाही. मी टायरसाठी ओततो की स्वतःच्या मनाची टोचणी थांबवायला, हा प्रश्न हातात बाटली असतानाच विचारायला हवा. नंतर त्याचं उत्तर फार सोयीचं मिळतं.

हा प्रश्न फक्त माझ्या सायकलचा असता तर इतका टोचला नसता. दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला, साडेतेरा तास मिळतात आणि वाटेतली दुरुस्ती ज्याची त्याने करायची असते. पण माझं चाक बसलं तर सोबतचे थांबतातच. "तुम्ही व्हा पुढे," म्हटलं तरी कुणी पंप काढतो, कुणी मोबाईलचा उजेड धरतो. माझ्या न बघण्याची किंमत त्यांच्या घड्याळातून वळती होते. पसरणी घाटाच्या उतारावर पुढच्या चाकातली हवा अचानक गेली, तर मागून येणाऱ्याला ब्रेक लावायला किती जागा मिळेल? तिथे प्रश्न वेळेचाही राहत नाही.

भाच्याला सायकल देताना माझा हात आपोआप कोअरच्या पान्याकडे जातो. त्यासाठी मनाला समजवावं लागत नाही. तिथे माया आहे. घाटात माझ्या मागे असलेल्या, नावही माहीत नसलेल्या माणसासाठी हात तसाच जातो का? खरं उत्तर असं, की अजून नाही. तिथे मला आठवण करून घ्यावी लागते. म्हणून घाटाच्या राइडआधी मी पुढचं चाक आधी उघडतो, आणि रिमवर चिकटपट्टी लावून तिच्यावर तारखेच्या शेजारी टायचं टोक कसं निघालं तेही लिहितो: ओलं, चिकट, कोरडं. किती ओतलं, ते त्याच्या खाली.