पदक आणि पाचवी आज्ञा

दुसऱ्याचा जीव घेऊ नये, ही देवाची पाचवी आज्ञा आपण लहानपणीच शिकतो. मग युद्धात शत्रूला मारून पदक मिळवणाऱ्या ख्रिस्ती सैनिकाकडे आपण कसे पाहावे?

अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या डोंगराळ भागात, पॉल मॉल या खेड्यात १८८७ साली अल्विन यॉर्क यांचा जन्म झाला. घर शेतकऱ्याचे, भावंडे अकरा, शाळा जेमतेम नऊ महिने. तरुणपणी ते दारू, जुगार आणि मारामाऱ्या यांत वाहवत गेले. १९१५ च्या सुमारास त्यांचे मनपरिवर्तन झाले व ते एका लहान प्रॉटेस्टंट मंडळीचे सभासद झाले. १९१७ साली सक्तीच्या सैन्यभरतीची नोटीस आली, तेव्हा त्यांनी लढण्यास नकार दिला. अर्ज फेटाळला गेला आणि त्यांना सैन्यात जावे लागले.

तेथील वरिष्ठांनी त्यांना भित्रा म्हणून हिणवले नाही. ते बायबल उघडून त्यांच्याशी बोलले आणि विचार करण्यासाठी त्यांना घरी रजेवर पाठवले. यॉर्क यांनी डोंगरावर एकांतात प्रार्थना केली. निरपराध्यांच्या रक्षणासाठी लढणे हे पाप नव्हे, अशी त्यांची खात्री झाली व ते परतले.

८ ऑक्टोबर १९१८ रोजी फ्रान्समधील आर्गोनच्या जंगलात मशीनगनच्या माऱ्यात त्यांचे अनेक सोबती पडले. उरलेल्या मोजक्या सैनिकांची सूत्रे यॉर्क यांनी हाती घेतली. त्यांच्या गोळ्यांनी वीसहून अधिक जर्मन मारले गेले. पण गोळ्या झाडतानाही ते शत्रूला शरण येण्यासाठी ओरडून सांगत होते. शत्रू शरण येताच त्यांनी गोळीबार थांबवला. त्या दिवशी १३२ जण कैद झाले. अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक त्यांना मिळाले.

पुढची गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. दुसऱ्या दिवशी ते त्याच जागी परत गेले व मृतांसाठी प्रार्थना केली. स्वतःच्या सोबत्यांसाठी केली, तशी जर्मनांसाठीही केली. ते सारे आपले भाऊच होते, असे त्यांनी आपल्या आठवणींत सांगितले आहे. गावी परतल्यावर जाहिरातींचे पैसे त्यांनी नाकारले आणि डोंगरातील मुलांसाठी शाळा उभारण्यात आयुष्य खर्च केले. १९६४ साली ते वारले.

आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण येथे आपल्याला मार्ग दाखवते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सांगितले की, आपले कर्तव्य योग्य रीतीने करणारा सैनिक शांतीचीच सेवा करतो. आणि सद्‌सद्विवेकाला स्मरून शस्त्र नाकारणाऱ्याचीही कायद्याने कदर करावी. म्हणजे एकाला वीर म्हणताना दुसऱ्याला भेकड म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. यॉर्क तर एकाच आयुष्यात दोन्ही बाजूंना उभे राहिले.

निर्णय घेतला म्हणजे सद्‌सद्विवेकाचे काम संपले, असे होत नाही. बंदूक उचलावी लागली तरी समोरचा देवाचेच लेकरू आहे, हे विसरण्याची मुभा कोणत्याही पदकाने मिळत नाही. आपण तर सीमेपासून दूर, घरात बसून बातम्या पाहतो. शत्रूचे इतके मेले हे ऐकून टाळ्या वाजवणे आपल्याला फार सोपे जाते. ज्याने प्रत्यक्ष गोळी झाडली, त्याला मात्र त्या मृतांसाठी गुडघे टेकावेसे वाटले.

आज श्रद्धावंतांच्या प्रार्थनांच्या वेळी आपण आपल्या जवानांची आठवण अवश्य करू या. आणि सीमेपलीकडच्या ज्या आईचा मुलगा परत आला नाही, तिचीही.