पाहुणीने शिकवलेला ‘आप’

परक्या घरी राहायला गेलेल्या माणसाने यजमानाची भाषा शिकणे ही केवळ सोय आहे की ते त्याचे कर्तव्य आहे? आणि तो शिकू पाहत असेल, तर यजमानाचेही त्याच्याप्रती काही कर्तव्य उरते काय? काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आम्ही मसुरीला गेलो असता हा प्रश्न अवचित आमच्यासमोर उभा राहिला.

मसुरीच्या वरच्या अंगाला लंढौर नावाची जुनी छावणी आहे. तेथे १९०३ साली बांधलेल्या केलॉग स्मारक चर्चमध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी भाषाशाळा भरते. ज्यांच्या स्मरणार्थ हे चर्च उभे राहिले त्या सॅम्युएल केलॉग या अमेरिकन मिशनऱ्याने १८७६ साली हिंदीचे व्याकरण प्रसिद्ध केले होते. जयपूरलाही परदेशी विद्यार्थी हिंदी शिकायला येतात आणि तेथील कुटुंबांत राहतात. पहिले काही दिवस त्यांची त्रेधा उडते. ‘त’ आणि ‘ट’ यांतला भेद कानाला कळत नाही. रोटी स्त्रीलिंगी का, याचे उत्तर मिळत नाही. ‘कल’ म्हणजे काल की उद्या, हे क्रियापदावरून ओळखावे लागते. आपल्या देशात विद्वान म्हणून वावरणारा माणूस येथे तीन वर्षांच्या मुलासारखा बोलू लागतो आणि घरातली खरीखुरी मुले त्याला हसतात. हे हसू सोसण्याची तयारी हाच भाषेचा पहिला धडा होय.

लंढौरच्या एका चहाच्या दुकानात अशीच एक विद्यार्थिनी शब्द जुळवीत चहा मागत होती. तिची ओढाताण पाहून आम्ही मोठ्या उदारपणे इंग्रजीतून तिच्या मदतीला धावलो. ती नम्रपणे म्हणाली, “कृपया हिंदी में बोलिए। मैं यही सीखने आई हूँ।” आम्ही किंचित ओशाळलो. दुसऱ्याचे कष्ट वाचवणे म्हणजे नेहमीच प्रेम नव्हे. ज्या कष्टासाठी तो समुद्र ओलांडून आला, तेच आपण त्याच्या हातून काढून घेत असतो.

फादर कामिल बुल्के यांनाही याच वृत्तीचे नवल वाटले होते. हे बेल्जियन येशूसंघीय धर्मगुरू १९३५ साली भारतात आले, तेव्हा येथील सुशिक्षितांना इंग्रजीचाच अभिमान अधिक असल्याचे त्यांना दिसले. त्यांच्या फ्लँडर्समध्ये फ्रेंचपुढे मातृभाषेची झालेली उपेक्षा त्यांनी पाहिली होती. पुढे त्यांनी रामकथेवरील आपला प्रबंध हिंदीत लिहिला आणि १९६८ साली इंग्रजी-हिंदी कोश सिद्ध केला. आपल्या फादर स्टीफन्सचे उदाहरण तर घरचेच. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज धर्मगुरूचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले ते १६१६ साली. मध्ये सदतीस वर्षे गेली. एका उन्हाळ्यात भाषा येत नाही. एका उन्हाळ्यात फार तर नम्रता येते.

पण आमचा खरा धडा अजून व्हायचा होता. चहाला उशीर होतो असे पाहून आम्ही त्या वृद्ध दुकानदाराला म्हणालो, “अरे भैया, तुम जल्दी करो ना!” ती मुलगी गोंधळली. तिने हळूच विचारले की, वर्गात आम्हांला वडीलधाऱ्यांना ‘आप’ म्हणायला शिकवतात. मग आपण यांना ‘तुम’ का म्हणता?

उत्तर तयार होते. आम्हां मराठी माणसांना ‘तुम’ हा आपल्या ‘तुम्ही’चाच भाऊ वाटतो, असे आम्ही तिला समजावले. ते अगदीच खोटे नव्हते. परंतु रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवले की, हिंदी भाषक बँक-अधिकाऱ्यासमोर आमच्या तोंडून ‘आप’ अगदी बिनचूक निघतो. तो हरवतो तो फक्त हमालासमोर, भाजीवाल्यासमोर, गवंड्यासमोर. तेव्हा ही चूक व्याकरणाची नव्हती. प्रार्थनेत आपण परमेश्वरालाही ‘तू’ म्हणतो. पण त्या ‘तू’त जवळीक असते. आमच्या ‘तुम’मध्ये मात्र मापे घेतलेली होती.

आमच्या घराच्या डागडुजीला येणारा गवंडी उत्तर प्रदेशातला. तोही परक्या मुलखात राहायला आलेला, तोही येथली भाषा शिकलेला. त्याच्यासाठी ना वर्ग होता, ना शिष्यवृत्ती, ना कौतुक करणारे यजमान. त्याच्या मोडक्या मराठीला आम्ही आजवर हसत आलो होतो.

परत आल्यावर एके सकाळी आम्ही त्याला म्हणालो, “आप पहले चाय पी लीजिए।” त्याने थापी खाली ठेवली आणि मागे वळून पाहिले. आम्ही कोणाशी बोलत आहोत, हे त्याला कळले नव्हते.