मुखावरून मन ओळखावे काय?

तंजावर जिल्ह्यातील पापनाशम तालुक्यात मेलत्तूर नावाचे गाव आहे. तेथे दरवर्षी नृसिंहजयंतीच्या उत्सवात ‘प्रह्लादचरित्रम्’ हे नाटक होते. वेंकटराम शास्त्री यांनी तंजावरच्या भोसले राजांच्या काळात ते तेलुगू भाषेत रचले. प्रह्लादाची माता लीलावती हीदेखील पुरुषच वठवितो. तिचा शोक आणि हिरण्यकशिपूचा क्रोध डोळे, भिवया व ओठ यांवरून प्रेक्षकांस तत्काळ कळतो. नृसिंहाचे तसे नाही. ती भूमिका घेणारा उपवास करून, मंदिरात पूजिला जाणारा मुखवटा धारण करतो. त्या मुखवट्याची भिवई हलत नाही. तरीही पाहणाऱ्यांच्या अंगावर काटा उभा राहतो. मुख झाकलेले असता हा भाव कशावरून कळला? कथा, स्वर, पावलांची गती आणि भोवतालच्या भक्तांची श्रद्धा यांवरून, असेच म्हणावे लागते.

आज हा प्रश्न यंत्रविद्येपुढेही उभा आहे. आभासी वास्तवाचा हेडसेट चढविला की डोळे व कपाळ झाकले जाते. म्हणून २०२२ साली विक्रीस आलेल्या ‘क्वेस्ट प्रो’सारख्या हेडसेटमध्ये नेत्र व मुखाच्या हालचाली टिपणारे कॅमेरे बसविले गेले. त्या हालचाली आभासी प्रतिमेच्या मुखावर उमटतात. त्यांवरून माणसाचा भावही ओळखावा, असा अनेकांचा प्रयत्न आहे. त्याचा एक आधार म्हणजे एकमन व फ्रीझन यांनी १९७८ साली केलेली मुखस्नायूंच्या हालचालींची वर्गवारी.

हालचाल मोजणे ही एक गोष्ट. तीवरून मनाचे अनुमान करणे ही दुसरी. धुरावरून अग्नीचे अनुमान निर्दोष ठरते, कारण जेथे धूर तेथे अग्नी अशी व्याप्ती आहे. अश्रू व शोक यांची अशी व्याप्ती कोठे आहे? नाट्यशास्त्रात अश्रूंची कारणे सांगताना शोकाच्या पंक्तीस आनंद, क्रोध व भय आहेत, इतकेच नव्हे तर धूर, काजळ, जांभई आणि थंडीही आहे. चुलीपुढे बसलेल्या गृहिणीस हे भरतमुनींनी सांगावयास नको! २०१९ साली लिसा फेल्डमन बॅरेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक प्रयोगांचा आढावा घेऊन, केवळ मुखाच्या हालचालींवरून भाव खात्रीने सांगता येत नाही, असाच निष्कर्ष काढला.

परंतु यंत्र उद्या अचूक झाले, तर आक्षेप संपेल काय? संपणार नाही. नटाने आपले मुख वाचले जावे म्हणूनच पुढे केलेले असते. कन्येची पाठवणी करताना हसतमुख राहणारा पिता मात्र आपले दुःख जाणूनबुजून आवरून धरतो. ते हास्य असत्य नव्हे. तो कन्येवरील स्नेहाने केलेला संयम आहे. तो भेदून आतले दुःख नोंदविण्याचा अधिकार यंत्रास कोणी दिला? युरोपीय संघाने कार्यालयांत व शाळांत अशी भाव ओळखणारी यंत्रे वापरण्यास, वैद्यकीय व सुरक्षेचे हेतू वगळून, फेब्रुवारी २०२५ पासून मनाई केली आहे. नोकर वा विद्यार्थी तेथे नकार देण्याइतका स्वतंत्र नसतो, हे लक्षात घेता ही मनाई योग्यच होय.

अर्जुनानेही स्थितप्रज्ञ कसा ओळखावा, तो कसा बोलतो, बसतो व चालतो, असे विचारले होते. भगवंतांच्या उत्तरात मुखमुद्रेचे वर्णन नाही. कामनांचा त्याग, आत्म्यातच संतोष, दुःखात अनुद्वेग, ही त्यांनी सांगितलेली लक्षणे ज्याची त्यालाच आत तपासता येतात. श्रीशंकराचार्य तर म्हणतात की, सिद्धाची जी लक्षणे तीच साधकाची साधने होत. शेजाऱ्याची परीक्षा घेण्यासाठी ती सांगितलेली नाहीत.