ढेकूळ, दगड आणि सोने

भगवद्गीतेच्या सहाव्या आणि चौदाव्या अध्यायांत मातीचे ढेकूळ, दगड आणि सोने यांना सारखेच लेखणे हे अनुक्रमे योग्याचे आणि गुणातीताचे लक्षण सांगितले आहे. छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायात मात्र, पुरलेल्या सुवर्णनिधीवरून वारंवार ये-जा करूनही जमिनीची जाण नसल्यामुळे ज्यांना तो सापडत नाही अशी माणसे अज्ञानाचा दृष्टान्त म्हणून येतात. दोन्हीकडे सोने पायाखालीच राहते आणि माणूस पुढे जातो. मग हीच वागणूक एके ठिकाणी ज्ञान आणि दुसरीकडे अज्ञान का ठरावी? भेद मनाचा आहे, हे उत्तर तयारच असते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील कालगुर्लीच्या ‘सुपर पिट’ या खाणीशी ताडून पाहिल्यास ते अपुरे वाटू लागते.

सुपर पिट ही उघडी खाण, म्हणजे भुयारांऐवजी वरूनच पायऱ्यापायऱ्यांनी खोल नेलेली खाण, सुमारे ३.५ किलोमीटर लांब, १.५ किलोमीटर रुंद आणि ६०० मीटरांहून खोल आहे. तिथला मुख्य खडक डोलेराइट, म्हणजे महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणाशी रचनेने जवळचा, पण जमिनीखाली सावकाश थिजलेला अग्निज खडक होय. अडीच अब्ज वर्षांहूनही पूर्वी त्यातील भेगांतून उष्ण द्राव वर चढले, तेव्हा त्यांत सोने गंधकाशी बांधले जाऊन विरघळलेले होते. खडकातील लोहाने तो गंधक ओढून घेतला, त्यातून पायराइट हे पितळी झाकेचे खनिज तयार झाले आणि सुटे पडलेले सोने तिथेच, बहुधा डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांच्या रूपात, साचले. ज्याला पुढे टाकाऊ म्हणायचे त्या दगडाच्या गुणानेच सोने अडले, ही गोष्ट सोने आणि दगड यांत भेद मानणाऱ्यानेही विसरू नये.

१८९३ मध्ये पॅडी हॅनन आणि त्याच्या दोन साथीदारांना येथे सोने सापडले आणि माणसांची रीघ लागली. येथील सोन्याचा काही भाग टेल्युरियम या मूलद्रव्याशी संयोग पावलेला आहे व त्या खनिजांना सोन्याची ओळखीची झळाळी नाही. त्यामुळे तसा दगड निरुपयोगी समजून रस्त्यांच्या भरावात टाकला गेला आणि १८९६ मध्ये त्याची ओळख पटताच तेच रस्ते उकरले गेले. तोवर सोने आणि दगड समान मानणारे हजारो लोक कालगुर्लीच्या रस्त्यांवरून चालत होते; त्यांपैकी एकालाही कोणी गुणातीत म्हणणार नाही. पहिल्या बातमीसरशी मोडणारी समता ही केवळ माहितीची उणीव असते, तर गीतेला अभिप्रेत असलेली समता भेद कळल्यानंतरची आहे.

पण कळायचा तो भेद नेमका कुठे आहे? खाणीत सुरुंगासाठी छिद्रे पाडताना निघणारा चुरा प्रयोगशाळेत तपासला जातो, त्यावरून प्रत, म्हणजे दर टन खडकातील सोन्याचे ग्रॅम, ठरते आणि फोडलेल्या खडकावर हद्दी आखल्या जातात. हद्दीच्या अलीकडचे खोरेभर दगड धातुक म्हणून भरडयंत्राकडे आणि हातभर पलीकडचे, दिसायला तसेच, टाकाऊ खडकाच्या डोंगरावर जातात. टनाला दोन ग्रॅम प्रत धरली तर सव्वादोनशे टनांच्या ट्रकमधील सोने गोळा करून लहान लिंबाएवढे भरेल. हद्द ठरवणारी किमान प्रत मात्र खडक सांगत नाही. ती सोन्याचा भाव आणि डिझेल, वीज, सायनाइड यांचा खर्च यांवरून काढली जाते. म्हणून हलक्या प्रतीचा दगड निराळे ढीग करून राखून ठेवतात आणि भाव चढला की तोच दगड, जागचा न हलता, धातुक होतो. सोन्याचे अणू खरे आहेत, त्यांचे प्रमाणही खरे आहे. ‘दगड’ आणि ‘धन’ यांमधली रेघ तेवढी बाजाराची आहे. समदृष्टी ही रेघ कोणी ओढली हे ओळखते. अणू नाकारण्याचे तिला कारण नाही.

तरीही या मांडणीत एक गट बसत नाही. हॅननच्या आधी हजारो वर्षे या भूमीवर राहणाऱ्या आदिवासी समाजांच्या व्यवहारात सोन्याला स्थान नव्हते. त्यांना जमिनीची जाण नव्हती असे म्हणण्याची सोय नाही. त्या कोरड्या प्रदेशात खडकांच्या पोकळ्यांत पावसाचे पाणी कुठे साठते, बाष्पीभवन टाळण्यासाठी त्यांवर सपाट दगड कसा ठेवायचा, हे त्यांना ठाऊक होते आणि सोन्याच्या शोधात आलेल्यांना त्याच पाण्याचा आधार घ्यावा लागला. त्यांनी सोने त्यागले नव्हते, कारण ते कधी धरलेलेच नव्हते. उपनिषदाच्या दृष्टान्तात ती माणसे अजाण ठरतात, गीतेच्या लक्षणात ती साधनेवाचून सिद्ध ठरतात, आणि दोन्ही निवाडे सोन्यालाच क्षेत्राचे माप मानून दिलेले आहेत.