गवतातले रत्न



पावसाळा सरला की चाकणच्या माळावर कॅमेरा घेऊन गुडघे टेकलेले तरुण दिसतात. 'ग्रास ज्युवेल' हे भारतातील सर्वांत लहान फुलपाखरांपैकी एक. पंख पसरले तरी सुमारे २ सेंटिमीटर. उभ्याने त्याचा फोटो निघत नाही. वाकावे लागते, आपली सावली त्याच्यावर पडू द्यायची नसते. त्याच्या अळ्यांची राखण मुंग्या करतात. मोबदल्यात अळी त्यांना गोड रस देते.

२०१५ साली महाराष्ट्राने 'ब्लू मॉरमॉन' या मोठ्या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला. त्याच वर्षी पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या परिपत्रकात बजावले, की आपल्यामुळे नष्ट झालेल्या जाती यापुढे आपल्या अस्तित्वाने देवाचे गौरव करणार नाहीत. यात बिनमानाची लहानगीही आली.

कंपनीत पाळ्या करताना आपण उत्पादनाचे आकडे आणि घराचे हप्ते पाहतो. जे लहान, ते नजरेतून सुटते : गवतातले फुलपाखरू, तसाच शेजारच्या खोलीतला कंत्राटी कामगार. दोघांना पाहायला वाकावेच लागते.

म्हणून माळाला आग लावू नका. अंडी, अळ्या, कोश सारेच जळते. मिस्सानंतर मुलांना तिथे न्या. पकडू नका, फक्त पाहा.

प्रभू आपल्याला वाकण्याची कृपा देवो.

– आपले धर्मगुरू